नव्या न्हाणीघराचे सांडपाणी: पाण्याच्या वाटेसोबत हवेची वाट

पंधरा किलोचा गोडेतेलाचा डबा फोडताना घरातले जाणते माणूस वरच्या पत्र्याला दोन भोके पाडते. एक तेल ओतण्यासाठी कोपऱ्यात आणि दुसरे त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. दुसरे भोक विसरले तर तेल सरळ धारेने येत नाही, गचके देत येते आणि ओट्यावर सांडते. डब्यातून जितके तेल बाहेर पडते तितकी हवा आत जावी लागते, आणि हवेला स्वतःची वाट नसली की ती तेलाच्या वाटेनेच आत घुसते. न्हाणीघरातून सांडपाणी वाहून नेणाऱ्या पाइपांनाही हाच नियम लागू पडतो. तेथे पहिले भोक म्हणजे पाणी नेणारा पाइप आणि दुसरे भोक म्हणजे गच्चीच्या वर उघड्यावर संपणारा हवेचा पाइप, ज्याला सगळे प्लंबर व्हेंट पाइप म्हणतात.

मराठवाड्यात नव्याने बांधली जाणारी घरे पाहताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. टाइल्सचा रंग, कमोडचा आकार, नळांची चकाकी यांवर घरात महिनाभर चर्चा होते, आणि पाइप कोठून निघून कोठे जाणार हे मात्र स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, मिस्त्री आणि प्लंबर यांच्या उभ्या उभ्या झालेल्या बोलण्यातून ठरते. टाइल्स पुढे केव्हाही बदलता येतात. काँक्रीटखाली गेलेला चुकीच्या ढाळाचा पाइप बदलायचा म्हणजे फरशी, कोबा आणि वॉटरप्रूफिंग तिन्ही फोडावी लागतात. म्हणून हा निर्णय कागदावर, वेळ काढून आणि घराच्या मालकाने स्वतः समजून घेऊन व्हावा, असे मला मनापासून वाटते.

ट्रॅपमधले दोन इंच पाणी

जुन्या वाड्यांत न्हाणी परसदारी असे, तिचे पाणी केळीच्या आणि अळूच्या वाफ्यात जाई आणि संडास त्याहूनही दूर असे, त्यामुळे वासाचा प्रश्न घराच्या आत येत नसे. आता न्हाणीघर झोपण्याच्या खोलीला लागून आले आहे आणि त्याचा पाइप थेट सेप्टिक टँकला किंवा नगरपालिकेच्या गटाराला जोडलेला असतो. टँकमधला कुजका वायू त्याच पाइपने उलटा घरात येऊ नये यासाठी मध्ये एकच अडसर असतो, तो म्हणजे ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपच्या तोंडाशी थोडे पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, साठून राहिलेले पाणी.

कमोडच्या पोटात दिसणारे पाणी, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमधले पाणी आणि फरशीतल्या जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपमधले पाणी ही सगळी त्या अडसराचीच रूपे आहेत. (आपला ‘न्हाणी’ हा शब्द देशभरातील स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणून जसाच्या तसा गेला आहे.) या पाण्याच्या खोलीला वॉटर सील म्हणतात आणि ती किमान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, असावी असा सर्वमान्य दंडक आहे. फरशीच्या जाळीखाली उपडी वाटी असलेले जे जुन्या पद्धतीचे ट्रॅप मिळतात, त्यांत ही खोली बहुधा कमी असते. शिवाय पाणी लवकर जावे म्हणून घरातले कोणी तरी ती वाटी काढून ठेवते आणि त्या दिवसापासून टँक आणि न्हाणीघर यांच्यात काहीही उरत नाही. खोल सीलचा, बाजूने दोन-तीन पाइप जोडता येणारा न्हाणी ट्रॅप थोडा महाग पडतो, पण येथे पैसे वाचवू नयेत.

दोन इंच पाण्याचा दाब फार थोडा असतो, वातावरणाच्या दाबाच्या साधारण दोनशेव्या भागाइतका. म्हणजे पाइपमधल्या हवेचा दाब एवढासा जरी कमी-जास्त झाला तरी हे पाणी जागचे हलते. आणि पाइपमधला दाब तर प्रत्येक फ्लशला हलत असतो.

वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की सहा-सात लिटर पाणी काही सेकंदांत उभ्या पाइपमधून खाली येते. येताना ते आपल्या पुढची हवा दाबत जाते आणि मागची हवा ओढून घेते. मागे ओढ निर्माण झाली आणि वरून हवा आत यायला वाट नसली, तर ती हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि जाता जाता ट्रॅपमधले पाणीही घेऊन जाते. कालव्याच्या भरावावरून पाइप टाकून, त्यात एकदा पाणी भरून, खालच्या शेतात पाणी उतरवणारा शेतकरी जो सायफन मुद्दाम करतो, तोच येथे नको असताना घडतो. पुढच्या बाजूला उलट होते. खाली दाबली गेलेली हवा तळमजल्याच्या न्हाणी ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते आणि सोबत वास आणते. फ्लश केल्यावर शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो तो याच हालचालीचा असतो. पाइप तुंबला आहे असे समजून लोक त्यात ॲसिड ओततात, पण पुष्कळदा पाइप मोकळाच असतो आणि हवा कोंडलेली असते.

परभणीच्या आमच्या घरात हे मी दोन वर्षे सोसले. पहिली सहा वर्षे कसलीही तक्रार नव्हती. मग अचानक खालच्या न्हाणीत सकाळच्या वेळी गुडगुड आणि वास सुरू झाला. प्लंबरने दोनदा चेंबर उघडले, एकदा मशीन लावून पाइप साफ केला, तरी काही फरक पडला नाही. शेवटी गच्चीवर चढून पाहिले तेव्हा कारण सापडले. मधल्या काळात गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले होते आणि काम करणाऱ्यांनी मध्ये येणारा व्हेंट पाइप कठड्याच्या खालीच कापून त्याचे तोंड सिमेंटने लिंपून टाकले होते, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता. सिमेंट फोडून पाइप पुन्हा सात फूट उंच केला त्याच दिवशी आवाज थांबला.

सील मोडण्याचे तिसरे कारण आपल्या हवेत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या किंवा मुले पुण्याला गेल्यामुळे बंद असलेल्या न्हाणीघरातले ट्रॅपचे पाणी काही आठवड्यांत उडून जाते. बंद खोली उघडल्यावर जो कुबट वास येतो तो बहुतेक वेळा टँकचा असतो. त्यात एक्झॉस्ट पंखा लावला तर कोरड्या ट्रॅपमधून हवा आणखी जोरात आत ओढली जाते. घर महिनाभर बंद ठेवायचे असेल तर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल टाकावे. तेलाचा तवंग बाष्पीभवन थोपवतो. याहून टिकाऊ उपाय नकाशातच करता येतो, तो म्हणजे बेसिनचा पाइप न्हाणी ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात सोडणे. हात धुतले की ट्रॅप आपोआप भरतो. मात्र कमोडला स्वतःचा ट्रॅप असतोच, त्याच्या पुढे दुसरा ट्रॅप कधीही लावू नये, कारण दोन ट्रॅपांच्या मध्ये कोंडलेली हवा मैला पुढे सरकू देत नाही. खाली बसण्याच्या भांड्याला, म्हणजे ओरिसा पॅनला, मात्र ट्रॅप वेगळा बसवावा लागतो.

नकाशा शेवटाकडून सुरू करावा

पाइपांची आखणी न्हाणीघरापासून सुरू करण्याची सवय आहे, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. आधी पाणी शेवटी कोठे पडणार आहे ते पाहावे. रस्त्याकडेच्या गटाराच्या चेंबरचा तळ किंवा सेप्टिक टँकचे तोंड किती खोल आहे ते मोजावे, आणि तेथून ढाळ चढवत घराकडे यावे.

एक हिशेब करून पाहू. घराची पक्की फरशी रस्त्यापेक्षा ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच आहे आणि गटाराचा तळ रस्त्याखाली ३०० मिलिमीटर आहे असे धरू. म्हणजे फरशीपासून गटाराच्या तळापर्यंत एकूण ७५० मिलिमीटर उतार हाताशी आहे. कमोडचे वळण घेऊन पाइप आडवा होईपर्यंत त्याचा तळ फरशीखाली सुमारे ३०० मिलिमीटर जातो. उरले ४५०. आता चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या, पाइपला ४० फुटांत १ फूट ढाळ द्यावा हा जुना आणि खात्रीचा नियम आहे. न्हाणीघर घराच्या मागच्या टोकाला असेल आणि तेथून गटार १८ मीटर दूर असेल, तर लागणारा उतार होतो १८००० भागिले ४०, म्हणजे बरोबर ४५० मिलिमीटर. एक इंचही शिल्लक राहत नाही. मधल्या चेंबरमध्ये थोडा उतार खर्ची पडला की पाइप गटाराच्या तळाच्या खाली जातो. पायाच्या वेळी जोते सहा इंच वाढवले किंवा न्हाणीघर पुढच्या बाजूला घेतले तर हाच प्रश्न मुळातच उद्भवत नाही. ६० त १ असा कमी ढाळही देता येतो आणि त्यात १५० मिलिमीटर वाचतात, पण मग पाइप अत्यंत सरळ आणि नीट आधार देऊन टाकावा लागतो. आपल्या गावांत रस्ते दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर घेऊन उंच होत जातात हेही ध्यानात ठेवावे. आज दीड फूट उंच असलेले जोते दहा वर्षांनी तेवढे राहील असे नाही.

हा ढाळ जागेवर तपासणे सोपे आहे. एसडब्ल्यूआर पाइपची, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचे पाणी नेणाऱ्या पीव्हीसी पाइपची, लांबी साधारण दहा फूट असते, आणि ४० त १ म्हणजे प्रत्येक पाइपला तीन इंच उतार. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असतेच. तिचे एक टोक पाइपच्या वरच्या तोंडाला आणि दुसरे खालच्या तोंडाला धरले की फरक पट्टीने मोजता येतो. नजरेने ‘उतार दिसतोय’ असे म्हणून पाइप झाकू देऊ नये, कारण मध्ये एका ठिकाणी पाइप अर्धा इंच जरी खाली बसला तरी तेथे कायमचे पाणी साचते, साबणाचा साका धरतो आणि पुढे तेथेच तुंबते.

आपल्या बोअरच्या पाण्याने ही अडचण वाढते. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून पांढरट, चिकट साका तयार करतो. तो पाण्यात विरघळत नाही, पाइपच्या आतल्या बाजूला थरावर थर चढत जातो. म्हणून न्हाणीच्या पाण्याला ७५ मिलिमीटरपेक्षा लहान आडवा पाइप मी कधी सुचवत नाही. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात हे आणखी खरे आहे. शॉवरचे पाणी हळूहळू येते, पण अंघोळीनंतर उरलेली बादली आपण एकदम ओततो आणि ते पंधरा लिटर पाणी काही क्षणांत जाळीतून जावे अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या बाजूला, कमोडच्या पाइपला पाणी कमी पडते हीही आपलीच अडचण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात फ्लशची टाकी बंद करून अर्ध्या बादलीवर भागवले जाते, आणि एवढ्याशा पाण्यात मैला लांबच्या आडव्या पाइपमध्ये मध्येच थांबतो. यावर ढाळ हा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे अंतर कमी ठेवणे: कमोड बाहेरच्या भिंतीलगत असावा आणि त्याचा पाइप शक्य तितक्या सरळ रेषेत, पहिल्या चेंबरला लवकरात लवकर मिळावा. मधल्या भिंतीला लागून, दोन खोल्या ओलांडून पाइप नेणारे नकाशे दिसायला आटोपशीर असतात, पण दुष्काळी वर्षात ते त्रास देतात.

दोन पाण्यांचे दोन पाइप

संडासाचे पाणी आणि अंघोळीचे पाणी एकाच पाइपने न्यायचे की वेगवेगळ्या, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. दोन्ही पद्धती शास्त्राला धरून आहेत आणि मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत एकच पाइप वापरतात. मराठवाड्यातल्या स्वतंत्र घरासाठी माझे मत स्पष्टपणे दोन पाइपांच्या बाजूचे आहे. न्हाणीचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडले तर टँक लवकर भरतो, साबणामुळे आतली कुजण्याची क्रिया मंदावते, आणि झाडांना किंवा जमिनीला देता आले असते असे रोजचे शंभर-दोनशे लिटर पाणी वाया जाते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि त्यांतले डास घालवले. ते काम मॅजिक पिट या नावाने राज्यभर ओळखले गेले. असा खड्डा आज करायचा नसला तरी पाइप वेगळा ठेवलेला असला की पुढे केव्हाही करता येतो. एकदा दोन्ही पाणी एका पाइपमध्ये मिसळले की ती वाट बंद होते.

न्हाणीचा पाइप बाहेर आल्यावर गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराबाहेर चेंबरच्या आधी बसवलेल्या ट्रॅपमध्ये, सोडावा आणि मग पुढे न्यावा; त्यामुळे चेंबरमधला वास आणि झुरळे त्या पाइपने वर येत नाहीत. संडासाचा पाइप मात्र मध्ये कोणताही ट्रॅप न ठेवता थेट चेंबरला जातो. दोन मजली घर असेल तर तळमजल्याचा कमोड वरून येणाऱ्या उभ्या पाइपला त्याच्या पायथ्याशी जोडू नये, वेगळा पाइप टाकून चेंबरपर्यंत न्यावा. वरून पडणारे पाणी पायथ्याशी वळताना तेथे हवेचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि तेथे जोडलेल्या कमोडमधले पाणी कधी कधी उसळून बाहेर येते. पायथ्याचे वळणही एका काटकोनी बेंडने न घेता ४५ अंशांच्या दोन बेंडांनी घ्यावे. आडव्या पाइपला पाइप जोडताना सरळ टी न वापरता तिरकी वाय वापरावी, आणि प्रत्येक वळणाजवळ झाकण उघडता येणारा डोअर बेंड ठेवावा. तो टाइल्सच्या मागे गाडला तर ठेवून काही उपयोग नाही.

खरेदी करताना एक बारीक गोष्ट पाहावी. आयएस १३५९२ या भारतीय मानकात एसडब्ल्यूआर पाइपचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकार पातळ भिंतीचा, हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी असतो; ‘बी’ प्रकार जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. प्रकार पाइपवरच छापलेला असतो. दुकानात दोन्ही राखाडी आणि सारखेच दिसतात, दर मात्र वेगळे असतात, म्हणून बिलावर प्रकार लिहून घ्यावा.

काळ्या मातीतला पाइप

पाइप घराच्या जोत्यातून बाहेर पडून जमिनीत जातो ती जागा मराठवाड्यात सर्वांत नाजूक असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर पायावर स्थिर असते आणि बाहेरचा पाइप मातीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे नेमका जोत्याच्या भिंतीपाशी सांधा तुटतो किंवा ढाळ उलटा होतो. पाणी तेथेच जिरत राहते, माती आणखी फुगते आणि मग भिंतीला तिरकी भेग दिसू लागते. भेग दिसल्यावर सगळे पायाला दोष देतात, मूळ कारण मात्र गळका सांधा असते.

म्हणून चर नेहमीपेक्षा खोल खणून काळी माती काढून टाकावी, तळाशी मुरूम घालून ठोकून घ्यावा, वर वाळूचा थर देऊन त्यावर पाइप बसवावा आणि बाजूनेही वाळू किंवा बारीक मुरूमच भरावा. खणलेली काळी माती पुन्हा पाइपभोवती टाकू नये. भिंतीतून पाइप नेताना तो सिमेंटने घट्ट चिणू नये. एक आकार मोठ्या पाइपचा तुकडा भिंतीत बसवावा, त्यातून मुख्य पाइप काढावा, मधली फट लवचीक सीलंटने भरावी आणि भिंतीच्या बाहेर लगेच रबर रिंगचा सांधा द्यावा, म्हणजे थोडी हालचाल सांध्यात सामावते. बाहेरच्या भिंतीवरच्या उभ्या पाइपलाही रिंगचेच सांधे हवेत. दहा फुटांचा पीव्हीसी पाइप ३० अंशांच्या फरकाने पाच-सहा मिलिमीटर लांबतो आणि आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट व मे महिन्याची दुपार यांत पाइपच्या पृष्ठभागाला त्याहून जास्त फरक पडतो. चिकटवलेले सांधे फरशीखालच्या, न तापणाऱ्या भागात ठेवावेत.

हवेच्या पाइपची जागा

आता दुसऱ्या भोकाकडे येऊ. सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत चांगली पद्धत ही की संडासाचा उभा पाइप वरच्या मजल्याच्या जोडणीपाशी न संपवता त्याच आकारात गच्चीच्या वर न्यावा. एकमजली घरात उभा पाइप नसतोच, तेव्हा पहिल्या चेंबरपासून किंवा कमोडच्या जवळ आडव्या पाइपमधून ७५ मिलिमीटरचा पाइप काढून भिंतीने वर न्यावा. तो आडव्या पाइपच्या वरच्या अंगातून निघावा. बाजूने काढला तर मैल्याचे पाणी त्यात शिरते आणि थोड्याच दिवसांत तोंड बुजते. हवेच्या पाइपचा कोणताही भाग आडवा न्यावा लागला तर त्याला सांडपाण्याच्या बाजूला हलका उतार द्यावा, कारण पावसाचे आणि दवाचे पाणी त्यात साचले की हवेची वाट बंद होते. न्हाणीचा पाइप वेगळा असेल तर त्यालाही स्वतःचा हवेचा पाइप हवा, निदान दोन मजली घरात तरी नक्कीच. बेसिनचा ३२ मिलिमीटरचा पाइप पाच-साडेपाच फुटांपेक्षा लांब जात असेल तर तो ४० मिलिमीटरचा घ्यावा. अरुंद पाइप पूर्ण भरून वाहतो आणि स्वतःच्याच ट्रॅपमधले पाणी ओढून नेतो.

गच्चीवर पाइप कोठे संपतो याचा विचार घरातल्या माणसांबरोबर बसून करावा, कारण गच्ची कशी वापरली जाते हे प्लंबरला माहीत नसते. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो, तेथे कुरडया, शेवया आणि पापड वाळत घालतो, पाण्याची टाकी तेथेच असते. म्हणून जाण्या-येण्याच्या गच्चीवर हा पाइप दोन मीटर उंच असावा, टाकीपासून आणि खिडक्यांपासून दूर असावा. कूलर ज्या खिडकीला लागतो तिच्या जवळ तर तो अजिबात नसावा. कूलर बाहेरची हवा ओढून घरात टाकतो आणि व्हेंट जवळ असेल तर रात्रभर तोच वास खोलीत येतो. पाइपच्या तोंडाला टोपी हवी आणि बारीक जाळीही हवी, कारण सेप्टिक टँकमध्ये वाढणारे डास याच वाटेने बाहेर पडतात. आरोग्य खात्याचे कर्मचारी व्हेंट पाइपला जाळी बांधायला सांगतात ते त्यासाठी. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो, म्हणून उघड्यावरच्या भागाला रंग द्यावा.

बाजारात हवेची एकमार्गी झडपही मिळते. ती पाइपच्या आत ओढ निर्माण झाली की उघडते आणि एरवी बंद राहते. एखाद्या आतल्या बेसिनसाठी ती कामाची आहे, पण ती हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. त्यामुळे घराला निदान एक तरी उघडा पाइप गच्चीच्या वर असलाच पाहिजे. आणि न्हाणीघराच्या एक्झॉस्ट पंख्याचे तोंड या पाइपला कोणत्याही परिस्थितीत जोडू नये.

सेप्टिक टँकविषयी थोडेच लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. आयएस २४७० या मानकानुसार पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढा टँक पुरतो. गावाकडे याच्या चौपट मोठे टँक बांधून ‘आयुष्यभर उपसावा लागणार नाही’ असे सांगतात. तसे नसते, दोन-तीन वर्षांनी गाळ काढावाच लागतो. टँकमधून निघणारे पाणी शोषखड्ड्यात सोडायचे असेल तर तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून वा बोअरपासून निदान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर असावा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तेव्हा खड्डा मुरमाच्या थरापर्यंत न्यावा लागतो. आणि टँक साफ करायला कोणालाही आत उतरवू नये, कितीही घाई असली तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, त्याला काढायला उतरणाराही तसाच पडतो, आणि संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी जाईल एवढी वाट टँकपर्यंत नकाशातच ठेवावी.

झाकण्यापूर्वी

वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर असेल तर त्याखालचा स्लॅब फूट-दीड फूट खोल टाकतात आणि त्या खोलगट भागात पाइप बसवून वर भराव करतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी रिकाम्या खोलगट भागाचे वॉटरप्रूफिंग, मग त्यात पाणी भरून दोन-तीन दिवस खालून ओल येते का ते पाहणे, मग पाइप, मग पाइपची चाचणी आणि शेवटी भराव. कमोडची जागाही याच वेळी पक्की होते. एस ट्रॅपचा कमोड फरशीत उतरतो आणि पी ट्रॅपचा भिंतीत, आणि भिंतीपासूनचे अंतर कंपनीगणिक बदलते, म्हणून कमोड आधी निवडून त्याची मापे टाइल्सच्या पृष्ठभागापासून, कच्च्या भिंतीपासून नव्हे, प्लंबरला द्यावीत. असे केले नाही तर कमोड भिंतीपासून दोन इंच पुढे राहतो किंवा बसतच नाही.

चाचणी प्रत्येक घरात व्हावी. तिला एक दिवस लागतो आणि खर्च जवळपास नसतो. पाइपचे खालचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करावे, वरून फरशीच्या पातळीपर्यंत पाणी भरावे, पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पाणी खुणेवर असले तर सांधे पक्के आहेत. उतरले असेल तर प्रत्येक सांध्याखाली कोरडे वर्तमानपत्र ठेवून पुन्हा भरावे. गळती असेल तेथे कागद ओला होतो. हवेची चाचणी सगळे बसवून झाल्यावर करता येते. सर्व ट्रॅप भरून घ्यावेत, एकाने वरच्या मजल्यावर फ्लश करत दोन बादल्या एकदम ओताव्यात आणि दुसऱ्याने खालच्या न्हाणीच्या जाळीवर पेटती उदबत्ती धरून बसावे. धूर सरळ वर गेला तर हवेची वाट मोकळी आहे. धूर जाळीकडे ओढला गेला किंवा जाळीतून बुडबुडा आला, तर कोठे तरी दुसरे भोक राहून गेले आहे.

यानंतर, भराव टाकण्यापूर्वी, उघड्या पाइपांवर मोजपट्टी ठेवून प्रत्येक भिंतीपासूनचे अंतर दिसेल असे फोटो काढावेत आणि एका कागदावर पाइपांच्या रेषा, त्यांचे आकार आणि चेंबरच्या जागा लिहून तो कागद घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवावा. पुढे भिंतीला ड्रिल मारणारा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा किंवा मागे नवी खोली काढणारा जो कोणी येईल, त्याच्या हातात काम सुरू होण्याआधी तो कागद द्यावा.